‘आनंदी राहणं ही निवड असते’ हे वाचून डोकं फिरलंय, जरा बोलायचंय

उलटसुलट:
दोन दिवस एक पोस्ट फिरतेय, बहुतेकांनी वाचली असेल. मुद्दा असा की माणसाच्या आनंदातला ५० टक्के भाग जन्मजात, १० टक्के परिस्थितीचा आणि उरलेले ४० टक्के आपल्या हातात. तेव्हा परिस्थितीच्या नावाने रडणं बंद करा, रोज रात्री वहीत तीन चांगल्या गोष्टी लिहा, भांडी घासताना पाण्याचा स्पर्श अनुभवा, आणि तरीही आनंदी नसाल तर तुम्ही आनंद ‘निवडलेला’ नाही. या शेवटच्या वाक्यावर माझा आक्षेप आहे आणि तो साधासुधा नाहीये.

माझ्या एका मैत्रिणीची नोकरी गेली. घराचे हप्ते चालू आहेत, आई तिच्यावर अवलंबून आहे. तिला हीच पोस्ट दोघा-तिघांनी पाठवली, वर हसरा चेहरा लावून. ती मला फोनवर म्हणाली, ‘आता नोकरी गेल्याचं दुःख तर आहेच, वर आनंदी राहता येत नाही हाही माझाच दोष झाला.’ परिस्थितीला १० टक्क्यांत गुंडाळलं की कोणी कोणासाठी काही करायलाच नको, बरोबर? ज्याचं त्याने बघावं.

आणि ते आकडे. ते २००५ साली सोन्या ल्युबोमिर्स्की, केनन शेल्डन आणि डेव्हिड श्काडे या संशोधकांनी मांडले. ते माणसामाणसांतल्या फरकाबद्दल आहेत, एकाच माणसाच्या आनंदाचे तुकडे पाडलेले नाहीत. हजार लोकांमध्ये कमीजास्त आनंद का दिसतो, त्या फरकाचा किती भाग कशामुळे, एवढाच तो हिशोब. आणि २०१९ मध्ये शेल्डन आणि ल्युबोमिर्स्की यांनी स्वतःच लिहिलं की ४० हा आकडा जास्त धरला गेला असावा. पण ते कोण फॉरवर्ड करणार!

सकाळपाळी:
ताई, आकड्यांचं तुमचं बरोबर असेल, मी त्यात पडत नाही. पण छोट्या गोष्टींवर तुम्ही जो राग काढलाय तो मला पटलेला नाही.

माझे वडील पक्षाघाताने काही वर्षं अंथरुणावर होते. उजवी बाजू गेलेली, बोलणं जवळजवळ बंद. मी त्यांची दाढी करायचो. चेहऱ्याच्या ज्या बाजूला जोर उरला होता तिकडे वस्तरा आला की ते आतून जीभ लावून गाल पुढे करायचे, म्हणजे कातडी ताणली जाईल आणि मला सोपं जाईल. मी कधी सांगितलं नव्हतं, त्यांचे तेच करायचे. सबंध दिवसात त्यांना मला मदत करता येईल अशी तेवढीच एक गोष्ट होती आणि ती त्यांनी शेवटपर्यंत चुकवली नाही. त्या दहा-पंधरा मिनिटांसाठी मी उठायचो असं म्हटलं तरी चालेल. परिस्थिती बदलणार नव्हती, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. मग मी काय करायला हवं होतं, परिस्थिती बदलायची वाट बघत बसायला हवं होतं? ज्याच्याकडे दुसरं काही नाही त्याच्याकडून हे छोटं पण काढून घेऊ नका.

वाळवण:
गोष्ट छान आहे, डोळ्यात पाणी आलं. पण मला त्या भांड्यांवर बोलायचंय, कारण सगळे ते वाक्य वाचून पुढे जातायत.

‘भांडी घासताना पाण्याचा स्पर्श अनुभवा.’ माझ्या बोटांच्या पेरांना साबणाने चिरा पडल्यात. थंडीत तर हात पाण्यात घातला की आधी झोंबतं आणि मग ती झोंब अंगवळणी पडेपर्यंत अर्धी भांडी झालेली असतात. हा तो स्पर्श! नोकरीवरून आल्यावर एकदा, रात्री झोपायच्या आधी एकदा, आणि मधे कोणी चहाचा कप सिंकमध्ये ठेवून जातं ते वेगळंच, विसळायला काय होतं देव जाणे. हे ज्याने लिहिलंय त्याने आयुष्यात किती भांडी घासलीत मला कळायला हवं.

नेमके_बोला:
त्या भांड्यांच्या सल्ल्यामागे खरंच एक प्रयोग आहे, २०१५ मधला. ५१ विद्यार्थी घेतले. काहींना भांडी घासण्याआधी मन लावून घासण्याबद्दलचा उतारा वाचायला दिला, बाकीच्यांना नुसती भांडी कशी घासायची त्याची माहिती दिली. पहिल्या गटाला नंतर कमी अस्वस्थ आणि जास्त उत्साही वाटलं. म्हणजे अगदीच हवेतून आलेलं नाही.

वाळवण:
५१ विद्यार्थ्यांनी प्रयोगापुरती भांडी घासली आणि उठून गेले ना? उद्या परत तोच सिंक, परवा परत तोच, आणि न घासल्यास घरात तोंडं वाकडी, हे त्या प्रयोगात होतं का? मला पण कोणी परक्या ठिकाणी नेऊन एक दिवस भांडी घासायला दिली, वर उतारा वाचायला दिला आणि शेवटी ‘कसं वाटलं’ म्हणून विचारलं, तर मला पण उत्साही वाटेल. घरात तर कोणी तेवढंही विचारत नाही.

निवांत७:
मी पुरुष आहे आणि भांडी मी घासतो. मला खरंच आवडतं. दिवसभर ऑफिसात जे काम करतो त्याला शेवट नसतो, एक फाइल गेली की दुसरी. इथे निदान सिंक रिकामा झालेला डोळ्यांना दिसतो. गाणी लावतो, डोकं शांत होतं. प्रत्येक गोष्टीत अन्याय शोधला की मग कशातच मजा राहत नाही.

वाळवण:
रोज घासता? की तुमच्या मनात आलं की?

निवांत७:
बहुतेक दिवस.

वाळवण:
बहुतेक! बाकीच्या दिवशी कोण घासतं? आणि ज्या दिवशी तुम्ही नाही म्हणता त्या दिवशी घरात काय होतं? काहीच नाही होत, दुसरं कोणीतरी उठतं. मी नाही म्हटलं तर सकाळी भांडी तिथेच असतात. तुमच्याकडे ‘नको’ म्हणायची सोय आहे म्हणून ते तुम्हाला ध्यान वाटतं. काम तेच आहे हो, सोय नाहीये.

निवांत७:
तुमच्या घरच्यांवरचा राग तुम्ही माझ्यावर काढताय. मी मदत करतो तरी ऐकून घ्यायचं, नाही केली तरी ऐकून घ्यायचं.

वाळवण:
‘मदत’ कोणाला करता? घर तुमचं नाही का?

खटपट्या:
अहो भांडी घासायचं मशीन घ्या आणि विषय संपवा. खरं सांगतो, आमच्याकडे आल्यापासून भांडणं निम्मी झाली. २०१७ मध्ये एक अभ्यास आला होता, अ‍ॅशली व्हिलन्स आणि सहकाऱ्यांचा, की पैसे वस्तूंवर घालण्यापेक्षा स्वतःचा वेळ वाचवण्यावर घातले तर माणसं जास्त समाधानी असतात. लोक टीव्ही मोठा घेतील पण हे नाही घेणार, कारण टीव्ही सगळ्यांना दिसतो आणि मोरीतला वेळ फक्त एकीचा जातो.

वाळवण:
एवढं मात्र लाखातलं बोललात. तरी मशीनमध्ये भांडी लावणार कोण हा प्रश्न उरतोच.

सकाळपाळी:
विषय आनंदाचा होता, आपण सगळे सिंकपाशी अडकलोय.

उलटसुलट:
नाही, मला वाटतं आपण विषयावरच आहोत. २००४ मध्ये मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि इतरांनी टेक्सासमधल्या ९०९ नोकरदार बायकांना आदला दिवस प्रसंगाप्रसंगाने आठवून लिहायला सांगितला, प्रत्येक प्रसंगात कसं वाटत होतं तेही. कामावर जाण्यायेण्याचा प्रवास सगळ्यात खाली आला, घरकाम खालीच, आणि मुलांचं करणंसुद्धा बरंच खाली. माणसांत मिसळणं वर. त्याच बायांना ‘आयुष्यात सगळ्यात मोलाचं काय’ विचारलं असतं तर बहुतेकींनी मुलंच सांगितली असती असं मला वाटतं, आणि त्यात खोटं काही नसतं. क्षणाला बरं वाटणं वेगळं आणि एखाद्या गोष्टीला अर्थ असणं वेगळं. त्या पोस्टने दोन्हीचा काला केलाय. सकाळपाळी, तुमच्या त्या दाढीच्या वेळी तुम्हाला ‘आनंद’ होत होता का? मला नाही वाटत. तुमची गरज होती, आणि समोरच्याला ते कळत होतं, तोही परत काहीतरी देत होता. वहीत तीन ओळी लिहून हे येत नाही.

सकाळपाळी:
मला काय होत होतं ते मी सांगेन ना ताई, तुम्ही कशाला सांगताय. आनंदच होत होता. थकलेला असायचो, चिडलेला असायचो, आणि तरी आनंद होत होता. तुम्ही पण त्या पोस्टवाल्यासारखंच करताय, त्याने सांगितलं काय वाटायला हवं, तुम्ही सांगताय काय वाटलं नसणार.

नेमके_बोला:
हे बरोबर आहे.

चष्मा:
लॉटरी लागलेली माणसं आणि अपघातात पाय गेलेली माणसं वर्षभराने सारखीच सुखी असतात, हे सिद्ध झालंय. मग परिस्थितीवर एवढं काय अडलंय?

नेमके_बोला:
हे वाक्य जिथे तिथे फेकतात आणि चुकीचं फेकतात म्हणून जरा लांब लिहितो. १९७८ चा ब्रिकमन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास. लॉटरी जिंकलेले २२, अपघाताने लुळे झालेले २९, आणि तुलनेला साधी माणसं २२. लॉटरीवाले साध्या माणसांपेक्षा फारसे जास्त सुखी नव्हते, इथपर्यंत ठीक. पण अपघातवाले साध्या माणसांपेक्षा स्पष्ट कमी सुखी होते. लोकांना वाटतं तेवढे दुःखी नव्हते, इतकंच. ‘सारखेच’ कुठेही नाही. उलट लॉटरीवाल्यांना रोजच्या साध्या गोष्टींत, मित्राशी गप्पा, कोणी केलेलं कौतुक, असल्या गोष्टींत इतरांपेक्षा कमी मजा येत होती. म्हणजे सकाळपाळींच्या बाजूने बोलायचं तर छोट्या गोष्टींची चव जाऊ शकते आणि ती गेली की पैसा ती भरून काढत नाही. हे मी मानतो. पण पाय गेलेल्या माणसाला ‘काही फरक पडत नाही’ असं सांगायला हा अभ्यास वापरू नका, कृपा करा.

चष्मा:
आकडे तोंडपाठ आहेत तुमचे, राहिलं. पण फिनलंड बघा, जगातल्या आनंदी देशांच्या यादीत २०१८ पासून सलग कित्येक वर्षं पहिला. तिथे काय रोज ऊन पडतं का? माणसं समाधानी आहेत म्हणून पहिला.

नेमके_बोला:
त्या यादीसाठी विचारतात, ० ते १० पायऱ्यांची शिडी समजा, १० म्हणजे शक्य तितकं चांगलं आयुष्य, तुम्ही कितव्या पायरीवर? आज हसलात का, आनंद वाटतो का, यावर ती क्रमवारी लागत नाही. आणि तिथे माणसाची नोकरी गेली तर त्याला हसऱ्या चेहऱ्याची पोस्ट पाठवून सोडून देत नाहीत, बेकारभत्ता असतो. म्हणजे परिस्थितीच आली ना परत.

वाळवण:
सकाळपाळी, एक विचारू? राग मानू नका. वडिलांची दाढी तुम्ही करायचात. अंथरूण, कपडे, रात्रीचं उठणं, ते कोण करायचं? कारण अशा गोष्टींत दाढी करणारा लक्षात राहतो आणि बाकीचं करणारी कोणाच्या लक्षात राहत नाही.

सकाळपाळी:
राग आलाय. आई आधीच गेली होती, मी एकटा मुलगा, लग्न केलेलं नाही. लघवीची पिशवी, चादरी, दर दोन तासांनी कूस बदलणं नाहीतर पाठीला जखमा होतात, धुणं, भांडी, औषधं, सगळं मीच. दुपारची पाळी मागून घेतली होती, म्हणजे सकाळ त्यांच्यासाठी मिळेल. तेवढे तास एक बाई येऊन बसायच्या, त्यांना मी पैसे द्यायचो. चिरा माझ्या पण हातांना पडल्यात. तुम्ही आधीच ठरवून टाकलंत की पुरुष आहे म्हणजे सोपं तेवढंच केलं असणार.

वाळवण:
ठीक आहे. तुम्हाला हे बोलायचा अधिकार आहे, तुमचं मी ऐकेन. त्या पोस्टवाल्याचं अजूनही ऐकणार नाही. आणि विचारलं ते चुकलं असं म्हणणार नाही, दहातल्या नऊ घरांत तो प्रश्न बरोबर लागला असता.

उलटसुलट:
त्या काळात तुम्हाला टिकवलं कशाने, दाढीनेच? की अजून काही? वाद घालायला नाही विचारत, मैत्रिणीसाठी विचारतेय.

सकाळपाळी:
एक सांगतो, ते तुमच्या बाजूने जाईल तर जाऊ दे. शेजारचे एक काका रविवारी संध्याकाळी यायचे. सल्ला नाही, चौकशी नाही. ‘जा, फिरून ये’ म्हणायचे आणि वडिलांजवळ पेपर वाचत बसायचे. तेवढ्यात मी नुसता चालायचो. ते आले नसते तर सकाळी वस्तरा हातात घेताना मी चिडलेलाच असतो, वडिलांनी गाल पुढे केला ते मला दिसलंही नसतं.

उलटसुलट:
मग मी हेच तर म्हणतेय! तुमची परिस्थिती कोणीतरी हलवली, थोडीशी का होईना, आणि मग छोटं दिसायला लागलं.

सकाळपाळी:
तासभर हलवली. बाकीचा अख्खा आठवडा माझा मलाच काढायचा होता आणि तो मी काढला, त्याचं श्रेय काकांना नाही देणार. तुमच्या मैत्रिणीला पोस्ट पाठवू नका, मान्य. पण ‘परिस्थिती वाईट आहे म्हणजे तुला आनंद होणं शक्यच नाही’ असं पण तिला सांगू नका. तिला एखाद्या दुपारी उगाच बरं वाटलं तर त्याची चोरी वाटायला नको.

निवांत७:
माझं वरचं राहिलंच. आज घरी विचारलं, भांडी न घासण्याचे दिवस कोण ठरवतं म्हणून. उत्तर मिळालं, ते इथे लिहीत नाही.

वाळवण:
नका लिहू. पाळी लावून घ्या, आणि ‘आवडतं’ त्या दिवसांची नव्हे, सगळ्या दिवसांची.