मदत हवी आहे: १ लाख ८० हजार किमी चाललेल्या सात सीटर डिझेलचा क्लच

मुंबईहून नाशिकला येताना कसारा घाटात आरपीएम वाढतो, पण वेग वाढत नाही. म्हणजे क्लच प्लेट घसरतेय. इंजिन बंद करताना खडखडही येते, त्यामुळे ड्युअल मास फ्लायव्हीलची (इंजिनचे हादरे शोषणारं, आत स्प्रिंग असलेलं दोन भागांचं चाक) शंका आहे. गिअरबॉक्स उतरवायची मजुरी एकदाच लागावी म्हणून प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि क्रँकचा मागचा ऑइल सील एकदमच बदलणार आहे. अडलंय ते फ्लायव्हीलवर. साधं सॉलिड फ्लायव्हील स्वस्त पडतं खरं, पण डिझेलचे हादरे थेट गिअरबॉक्समध्ये जातात. भरल्या गाडीने घाट चढायचा तर ते मला पटत नाही.

द्वारका, सातपूर किंवा अंबड भागात बदलण्याआधी फ्लायव्हीलचा प्ले (ढिलेपणा) मोजून दाखवणारं गॅरेज कुणाला माहीत आहे का? कुणी हे काम केलं असेल तर पार्ट आणि मजुरीचा खर्च वेगवेगळा सांगा.