मदत हवी आहे: एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि मिंट, पहाटे पाचला घड्याळात आदल्या रात्रीचे साडेअकरा

नमस्कार मंडळी,

कोल्हापूर जिल्ह्यात आमचं गावपातळीवरचं दूध संकलन आहे. लॅपटॉप एकच, वर्षापूर्वी घेतलेला. दुधाचं सॉफ्टवेअर विंडोज ११ वरच चालतं, काटा आणि फॅट मशीन त्यालाच जोडलंय. लेक इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, तिला अभ्यासाला लिनक्स (विंडोजसारखीच दुसरी सिस्टीम) लागतं. दुसरा लॅपटॉप यंदा जमणार नाही. म्हणून तिने सुट्टीत सगळा बॅकअप घेऊन, विंडोजचं पार्टिशन कमी करून १०० जीबी मोकळे केले आणि तिथे लिनक्सचाच एक प्रकार, लिनक्स मिंट २२ टाकलं. चालू केल्यावर मिंट की विंडोज अशी यादी येते. तिथवर सगळं व्यवस्थित.

अडचण घड्याळाची आहे. रात्री तिने मिंट वापरलं की पहाटे विंडोज साडेपाच तास मागे असतं. पाच वाजता चालू केलं तर आदल्या दिवशीचे रात्री ११:३०. आमचं सॉफ्टवेअर घड्याळ बघूनच सकाळ-संध्याकाळ ठरवतं. परवा घाईत माझ्या लक्षात आलं नाही आणि सात जणांचं सकाळचं दूध आदल्या संध्याकाळच्या नोंदीवर बसलं. पहिल्याच आजी होत्या, एका म्हशीचं दोन लिटर घेऊन येतात. त्यांच्या नातवाने पावती बघून विचारलं, "काका, तारीख कालची कशी?" दहा दिवसांचं बिल या नोंदींवरच निघतं. लोकांच्या कष्टाचे पैसे आहेत, एक लिटरही चुकून चालणार नाही.

घड्याळ हाताने लावलं तर पुढच्या वेळी मिंटनंतर परत तेच. पहाटे नेट नसतं, त्यामुळे वेळ आपोआप सुधारतही नाही. मिंट काढून टाकणं हा उपाय मला नकोय.

अजून एक. डी ड्राइव्हवरच्या फाइल मिंटमध्ये उघडतात, पण सेव्ह होत नाहीत.

प्रतिसाद १
मदरबोर्डवरचा सेल संपला असेल. बदलून बघा.

धागाकर्ता
तसं वाटत नाही. फक्त विंडोज वापरलं तर आठवडाभर घड्याळ बरोबर असतं. आणि फरक दरवेळी बरोब्बर साडेपाच तासांचा.

प्रतिसाद २
दादा, त्या साडेपाच तासांतच उत्तर आहे. भारतीय वेळ जागतिक वेळेच्या ५:३० तास पुढे. मदरबोर्डवरच्या घड्याळात मिंट जागतिक वेळ लिहून ठेवतं आणि विंडोज तीच वेळ स्थानिक समजून वाचतं. दोघंही आपापल्या जागी बरोबर, पण घड्याळ एकच.

मिंटमध्ये टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडून ही कमांड द्या: टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १. इंग्रजीत टाइप करताना पहिला शब्द सलग, "सेट-लोकल-आरटीसी" मध्ये जोडरेघा, मग एक स्पेस आणि १. पासवर्ड मागेल. मग विंडोजमध्ये जाऊन नेट लावून वेळ एकदा बरोबर करा. पुढे टर्मिनलमध्ये याच कमांडने वेळ बघितली की मिंट इशारा दाखवेल, कारण जिथे उन्हाळ्यात घड्याळं पुढे करतात तिथे या पद्धतीने घोळ होतो. आपल्याकडे तसं काही नाही, बिनधास्त ठेवा. ही सेटिंग मिंटच्या बाजूला राहते, विंडोजच्या अपडेटने जाणार नाही.

डी ड्राइव्हचं कारण म्हणजे विंडोजचं फास्ट स्टार्टअप. शट डाउन केलं तरी विंडोज अर्धवट झोपलेलं असतं, म्हणून मिंट त्या ड्राइव्हवर लिहीत नाही. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये ते बंद करा, मग पूर्ण शट डाउन.

आणि त्या सात नोंदी आजच दुरुस्त करा, बिल निघाल्यावर निस्तरणं अवघड जाईल.

धागाकर्ता
मनापासून आभार. लेकीने रात्रीच दोन्ही केलं. सातही जणांना घरी जाऊन भेटलो, आदल्या संध्याकाळच्या पावत्या मागून घेतल्या आणि नोंदी परत भरल्या. एकांनी पावती फेकली होती, त्यांचा आकडा त्यांच्याच डायरीत मिळाला.

आज तिसरी पहाट. काल रात्री अकरापर्यंत मिंट चालू होतं. आजींची पावती निघाली: आजची तारीख, सकाळ, ५:०८, २.१ लिटर.