अनुभव धागा : वातावरणीय इलेक्ट्रॉनिक संगीताने तुम्हांला कोणाशी जोडले?

नमस्कार मंडळी.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या गावभागातले आमचे घर पाण्यात गेले, तेव्हा आई, मी आणि भाचा विश्रामबागेत मावशीकडे राहत होतो. वीज नव्हती. आईला तीन रात्री झोप नव्हती. पाऊस थांबला की ती उठून बसे आणि पुन्हा सुरू झाला की रडू लागे. चौथ्या रात्री भाच्याने मोबाइल स्टीलच्या पातेल्यात ठेवून अगदी हळू आवाजात पियानो लावला : चार-दोन स्वर, मग लांबलचक शांतता, मग जवळपास तेच स्वर, पण किंचित उशिरा. आईने विचारले, "हे संपणार कधी?" तो म्हणाला, "आजी, हे संपायची वाट बघायची नसते." थोड्या वेळाने ती आडवी झाली आणि तिचा श्वास संथ झाला. आम्ही दोघे मामा-भाचे एक शब्दही न बोलता पातेल्यातल्या त्या उजेडाकडे बघत बसून राहिलो. त्याआधी आमचे बोलणे परीक्षेच्या गुणांपलीकडे कधी गेले नव्हते.

ते संगीत इंग्रज संगीतकार ब्रायन ईनो यांच्या १९७८ सालच्या 'म्युझिक फॉर एअरपोर्ट्स' या ध्वनिमुद्रिकेतले होते. टेपच्या कमी-अधिक लांबीच्या फिती गोल जोडून त्या एकाच वेळी फिरवल्या की त्यांवरचे स्वर प्रत्येक फेरीत निराळ्या अंतराने एकमेकांना भेटतात, अशी त्यामागची युक्ती आहे. अशा, मागे हळू वाजत राहणाऱ्या वातावरणीय (अँबियंट) संगीताची कल्पना त्यांना १९७५ साली सुचली. अपघातानंतर ते अंथरुणाला खिळलेले असताना हार्पवादनाची तबकडी चुकून फार हळू आवाजात लागली होती, उठून आवाज वाढवण्याचे त्राण त्यांच्यात नव्हते आणि बाहेर पाऊस पडत होता. अर्धे ऐकू येणारे ते वादन पावसात मिसळून गेले. हे वाचले तेव्हा मला पातेले आठवले.

तुमचेही अनुभव लिहा. 'मन शांत झाले' एवढ्यावर थांबू नका. कुठे ऐकले, सोबत कोण होते आणि त्यानंतर काय बदलले, तेही सांगा.

मिरज

आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या तंबोरे बनतात, त्यामुळे दादांच्या या प्रश्नाचे उत्तर मला कारखान्यातूनच द्यावे लागेल. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा पेढे वाटले गेले. पण मी संगणकावर सिंथेसायझर वाजवतो याचे माझ्या चाचांना कायम दुःख होते. ते जवारी लावतात, म्हणजे तंबोऱ्याच्या तारेचा झंकार जुळवतात. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीचा माथा कानशीने इतका हलक्या हाताने घासायचा की तार तिच्यावर टेकता-टेकता सुटली पाहिजे. मग तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा धागा सरकवत जायचे. धागा केसभर पुढे गेला तर आवाज बंद, केसभर मागे राहिला तर किरकिरा, आणि मधल्या एकाच जागी तो असा फुलतो की कोणी न छेडलेला गंधार आपोआप ऐकू येतो. त्याला आम्ही स्वयंभू गंधार म्हणतो.

एका दुपारी मी कारखान्याच्या माळ्यावर एक लांब स्वर धरून त्याचा फिल्टर अगदी सावकाश उघडत होतो. सिंथेसायझरच्या करवती लहरीत मूळ स्वराचे सगळे उपस्वर दडलेले असतात. फिल्टर ते झाकतो आणि उघडत गेला की एकेक करून बाहेर सोडतो. पाचव्या उपस्वराशी मी पोहोचलो आणि खालचा कानशीचा आवाज थांबला. चाचा जिना चढून आले, दारात उभे राहिले आणि म्हणाले, "गंधार बोलतोय बघ." मग त्यांनी स्टूल ओढले, माझा हात बटणावरून बाजूला सारला आणि स्वतः ते मागेपुढे फिरवून पाहिले, सुताचा धागा सरकवताना त्यांची बोटे फिरतात, अगदी तशीच. अर्ध्या तासाने त्यांनी मला खाली नेऊन पहिल्यांदा माझ्या हातात कानस दिली. आता मी सकाळी जवारी शिकतो आणि संध्याकाळी ते माझ्याकडे ऐकायला येतात.

सातारा, शाहूपुरी

मी चाळकेवाडी-वनकुसवडे पठारावर पवनचक्क्यांच्या देखभालीचे काम करतो. रात्रपाळीला धुके असले की पाते दिसत नाही, फक्त त्याचा झोत ठरावीक अंतराने डोक्यावरून जातो. सोबतच्या सहकाऱ्याने गाडीत टँजरिन ड्रीम या जर्मन मंडळींची १९७४ ची 'फेड्रा' लावली, आणि त्यातला धावता ठेका व बाहेरचे पाते काही वेळ एका लयीत आले. त्या काळी सिंथेसायझर तापला की त्याचे स्वर उतरत-चढत आणि या मुद्रणात तो फरक तसाच राहू दिला आहे, हे त्यानेच मला सांगितले. तो बंगालहून आलेला, मी पाटण तालुक्यातला. आमच्यात भाषेची अडचण होती, ती त्या रात्री आड आली नाही.

सांगली

मी गेली तीस वर्षे गाणे शिकवते. स्पष्ट लिहिते, राग मानू नये. या संगीतात मला राग दिसत नाही, रागाची ठरावीक चाल म्हणजे चलन दिसत नाही, समेची, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर येण्याची ओढ नाही. ज्या आवाजाला कोठेच पोहोचायचे नाही त्याच्यासोबत मी का चालावे, हे मला अजून उमगलेले नाही. मिरजेच्या अनुभवातला गंधार मात्र मला पटला.

(ताई, राग कसला? समेची ओढ नाही हे अगदी खरे आहे, आणि मला वाटते की हे संगीत मैफलीच्या जागी ठेवले तर ते उणेच ठरेल. पण गाणे सुरू होण्यापूर्वी दोन तंबोरे नुसते जुळून वाजत असतात, आणि सभागृहातली कुजबुज कोणी न सांगता थांबते. माझ्या आईला त्या रात्री तेवढेच हवे होते. – धागाकर्ता)

कराड

शेताच्या वाटणीवरून माझे आणि धाकट्या भावाचे दोन वर्षे बोलणे नव्हते. आई गेल्यानंतर दिवसकार्याला तो आला आणि तसाच पुण्याला परतला. महिन्याभराने त्याने मोबाइलवर अकरा मिनिटांची एक ध्वनिफीत पाठवली, सोबत एक शब्दही लिहिला नव्हता. सुरुवातीला फक्त खोल, घुमणारा, आत-बाहेर होणारा आवाज होता. दुसऱ्यांदा ऐकताना मला त्यात ओळखीचे काहीतरी घासल्यासारखे वाटले, आणि तिसऱ्या वेळी कळले : तो आमच्या आईचा पाटा-वरवंटा होता. तिच्या शेवटच्या दिवाळीला त्याने स्वयंपाकघरात सहज मुद्रित केलेले काही सेकंद त्याने संगणकावर ताणून-ताणून इतके लांब केले होते की वरवंट्याची एक फेरी पुरी व्हायला जवळजवळ मिनिट लागत होते.

मी प्रीतिसंगमावर जाऊन, कृष्णा-कोयनेच्या पाण्याकडे तोंड करून ते पुन्हा ऐकले आणि त्याला फोन लावला. दोघांनाही बोलता येईना. शेवटी तो म्हणाला, "अक्का, शेवटी तिच्या बांगड्या वाजतात, ऐकलंस का?" मी ऐकले नव्हते. मी फोन चालू ठेवूनच फीत परत पहिल्यापासून लावली आणि अकराही मिनिटे तो पलीकडे थांबून राहिला.