मी घराबाहेर पडले की कुत्रा कासावीस होतो, लाडावलाय की काही त्रास आहे?

मुग्धा_पुणे
आमचा चिकू इंडी (देशी कुत्रा) आहे, तीन वर्षांचा. पार्किंगमध्ये सापडला तेव्हा दीड महिन्याचं पिल्लू होतं आणि तेव्हापासून मी घरूनच काम करत होते, म्हणजे तो एकटा असा कधी राहिलाच नाही. आता दोन महिन्यांपासून आठवड्यातून तीन दिवस ऑफिसला जावं लागतंय. मी नुसती चावी उचलली तरी तो लाळ गाळायला लागतो, पायात पायात येतो. खालच्या काकू सांगतात दुपारभर विव्हळत असतो. परवा घरी आले तर दाराची चौकट कुरतडलेली आणि पुढच्या पंजाच्या नखातून रक्त येत होतं, ते बघून मला रडूच आलं. मिस्टर रागावले त्याच्यावर, तर कान पाडून कोपऱ्यात बसला आणि मिस्टरांचं म्हणणं की बघ, चूक कळतेय त्याला, मुद्दाम करतो. त्यात मुलगी दहा महिन्यांची, तीही हल्लीच पाळणाघरात जायला लागलीये आणि मी वळले की भोकाड पसरते. सासूबाई म्हणतात दोघांनाही तूच कडेवरची सवय लावलीस. खरंच माझं चुकलंय का?

विनय_कोथरूड
मुग्धाताई, चिकू मुद्दाम काही करत नाहीये, तो घाबरतोय. जवळचं माणूस दूर गेलं की वाटणाऱ्या या भीतीला सेपरेशन अँक्झायटी म्हणतात. राग काढणारं जनावर स्वतःची नखं रक्त येईपर्यंत झिजवणार नाही हो. आणि ते कान पाडणं म्हणजे चूक कळणं नव्हे. कुत्र्यांच्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये याच्यावर प्रयोग छापलाय, कुत्र्याने खाऊ चोरला असो वा नसो, मालक ओरडला की तो तसाच 'अपराधी' दिसतो, म्हणजे ते तुमच्या आवाजाला दिलेलं उत्तर असतं. म्हणून आधी रागावणं पूर्ण थांबवा, त्याने भीती वाढते.
आमच्या राणीचं असंच होतं. पहिलं काम म्हणजे जुना मोबाईल रेकॉर्डिंगला लावून बाहेर पडा. अशा कुत्र्यांचा त्रास बहुतेक वेळा पहिल्या अर्ध्या तासातच सुरू होतो, कंटाळून उशिरा धिंगाणा घालणाऱ्याचं तसं नसतं, त्यामुळे नक्की काय चाललंय ते कळेल. मग चावी उचला आणि परत सोफ्यावर बसा, चपला घाला आणि स्वयंपाकघरात जा, दिवसातून दहा वेळा, म्हणजे चावीचा अर्थच पुसला जाईल. त्यानंतर दाराबाहेर पाच सेकंद, मग दहा, मग अर्धा मिनिट. तो घाबरायच्या आत परत यायचं, हे सगळ्यात महत्त्वाचं, एकदा तो बिथरला की मागची मेहनत पाण्यात जाते. आम्हाला अर्ध्या तासापर्यंत पोचायला अडीच महिने लागले. तोवर ऑफिसच्या दिवशी त्याला कुणाकडे तरी ठेवा, एकटा नको.
आणि व्हेटला दाखवाच, नख तर दाखवायचंच आहे. गरज पडली तर गोळ्याही असतात, फ्लुओक्सेटिन या चिंता कमी करणाऱ्या औषधाला अमेरिकेत कुत्र्यांच्या याच त्रासासाठी २००७ मध्ये मान्यता मिळालीये, पण सरावासोबत. माणसाची गोळी घरच्या घरी देऊ नका प्लीज.

पाळणाघरवाली_मावशी
बाळाचं मी सांगते, बावीस वर्षं पाळणाघर चालवतेय. आठव्या महिन्याच्या आसपास हे सुरू होतं, वर्ष-दीड वर्षाला जोरात असतं आणि दोन-तीन वर्षांपर्यंत बहुतेकांचं आपोआप ओसरतं. आई डोळ्याआड असली तरी ती कुठेतरी आहे हे बाळाला आत्ता कुठे कळायला लागलेलं असतं, पण ती परत कधी येणार हे कळत नाही, म्हणून तो जीव घाबरतो. तुझ्या सवयीने नाही झालेलं गं ते. उलट तुझ्यावर माया जडलीये म्हणून रडते.
फक्त एक कर, तिची नजर चुकवून पळू नकोस. पुष्कळ आया तसं करतात, मग ते मूल पुढे दिवसभर दाराकडेच बघत बसतं. पापी घे, 'आई खाऊ खाल्ल्यावर येणार' म्हण आणि नीघ, परत मागे वळू नकोस. तुझी वापरलेली न धुतलेली ओढणी दे सोबत. आमच्याकडे एक पिल्लू आईच्या गाऊनची बाही गालाला लावल्याशिवाय झोपायचंच नाही.
विनयदादांचं वाचून आठवलं, मेरी एन्सवर्थ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी आई खोलीतून गेली की बाळ काय करतं ते पाहायची जी पद्धत काढली, तीच हंगेरीतल्या संशोधकांनी १९९८ मध्ये कुत्र्यांवर करून पाहिली होती, आणि कुत्रीही मालकाशी बरीचशी तशीच वागली.

सतीश_ठाणे
थोडं वेगळं लिहितोय. बाबा गेल्यापासून आईचं असं झालंय. मी ऑफिसला पोचेपर्यंत चार फोन, लोकल लेट झाली तर तिला घाम फुटतो, माझा अपघात झालाय अशी स्वप्नं पडतात. आम्ही वर्षभर हट्टीपणा समजत होतो. शेवटी मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं तेव्हा कळलं की मोठ्या माणसांनाही हा सेपरेशन अँक्झायटीचा आजार होतो, २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये (मानसिक आजारांचे निकष देणारं अमेरिकन पुस्तक) तो अठराच्या आत सुरू व्हायला हवा ही अटच काढून टाकलीये. आता समुपदेशन चालू आहे, आणि मी पोचल्यावर एक आणि निघताना एक असे दोनच फोन ठरलेत. पहिला आठवडा तिला फार जड गेला.

मुग्धा_पुणे
सगळ्यांचे खूप आभार. काल रेकॉर्डिंग केलं. मी लिफ्टमध्ये शिरेपर्यंत तो दाराला नाक लावून उभा होता, चौथ्या मिनिटाला विव्हळायला लागला आणि मग माझ्या चपलेवर तोंड ठेवून थरथरत होता. मिस्टरांनी पूर्ण बघितलं, काही बोलले नाहीत, आज सकाळी मात्र स्वतःच चावी उचलून परत ठेवायचा सराव घेत होते. काकू मंगळवारी त्याला ठेवून घेतो म्हणाल्यात. व्हेटची वेळ शनिवारची मिळालीये.