अस्तित्ववाद्यांना सरळ लिहिता येत नाही का?

पेठेतला_वाचक: एमएला किर्केगार्द, सार्त्र, काम्यू हे अस्तित्ववादी, म्हणजे माणसाचं स्वातंत्र्य आणि जगण्याचा अर्थ यांवर लिहिणारे लेखक लागलेत आणि जिकडे बघावं तिकडे दरी, धोंडा, वेटर, झाडाची मुळं. सर म्हणतात प्रतिमा बाजूला ठेवा आणि मुद्दा लिहा, पण बाजूला ठेवल्यावर हातात काही उरतच नाहीये राव!

कोथरूडकर: उरणार कसं, प्रतिमा हाच युक्तिवाद आहे. किर्केगार्द १८४४ मध्ये म्हणतो की दरीत डोकावणाऱ्याला चक्कर येते त्यात दरीइतकाच डोळ्याचाही दोष, बघितलंच नसतं तर? सिंहगडाच्या कड्यावर उभा राहा, पडायची भीती वेगळी आणि ‘आपण उडी मारू शकतो’ हे कळणं वेगळं. हे दुसरं म्हणजे त्याची चिंता.

निवांत_पुणेकर: सरसकट प्रतिमा म्हणू नका बुवा. सार्त्रचा वेटर (१९४३) हे सरळ उदाहरण आहे, जरा जास्तच चटपटीत, जरा जास्तच अदबीनं वाकणारा, म्हणजे वेटर असण्याचं नाटक करणारा. काम्यूचा सिसिफस मात्र ग्रीक पुराणकथा, शिक्षा म्हणून धोंडा डोंगरावर ढकलत न्यायचा, तो परत गडगडणार, कायम हेच, आणि तिथं सगळे धोंड्यावरच पान भरतात, पण काम्यूचं लक्ष धोंडा गडगडल्यावर तो रिकाम्या हातानं खाली उतरतो त्या वेळेवर आहे, कारण तेव्हा त्याला सगळं कळत असतं.

पेठेतला_वाचक: ओके, मग सार्त्रच्या ‘नॉशिया’ या १९३८ च्या कादंबरीतलं चेस्टनटच्या झाडाचं मूळ कुठल्या खात्यात टाकू?

कोथरूडकर: दोन्हीत नाही. तिथं कादंबरीच्या नायकाला, रोकांतँला, शब्दच सुचेनासे होतात, कुठलीही उपमा त्या मुळाला चिकटत नाही. सरांना हेच लिहून दे, मार्क कापले तर बघू.