सर्व एमसीबी खाली केले तरी आरसीसीबी का पडतो?

शिकाऊ_वीजतंत्री यांचा प्रश्न

नमस्कार. आयटीआयमधून वीजतंत्री व्यवसायाचे दोन वर्षांचे प्रशिक्षण पूर्ण करून मी सध्या सातारा जिल्ह्यात एका ठेकेदाराकडे शिकाऊ उमेदवार म्हणून काम करत आहे. आमच्याकडे एका दुमजली घराचे काम चालू आहे. घराला सिंगल फेज जोडणी असून खालच्या मजल्याचे वायरिंग दहा-बारा वर्षांपूर्वी दुसऱ्या कोणीतरी केलेले आहे. वरचा मजला आम्ही नव्याने केला, अंगणात अर्थिंगचा खड्डा घेतला (पूर्वी तो नव्हताच), जुन्या आणि नव्या सर्व हिरव्या तारा डीबीतील (वितरण पेटीतील) अर्थपट्टीवर आणल्या आणि मीटरनंतर दोन पोलचा ४० अँपिअर, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (जमिनीकडे गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवला. तेव्हापासून तो सतत पडतो.

मी जे पाहिले ते असे. दुपारी केवळ दिवे आणि पंखे चालू असताना आरसीसीबी टिकून राहतो. मात्र इस्त्री लावली की लगेच पडतो. इस्त्री सदोष असेल म्हणून दुसरी आणून पाहिली, वरच्या मजल्यावरच्या नव्या सॉकेटवरही लावून पाहिली, तरी परिणाम तोच. संध्याकाळी सात ते दहाच्या दरम्यान तर डीबीतील सर्व एमसीबी (जादा प्रवाह झाल्यास त्या-त्या सर्किटला तोडणारे स्विच) खाली केले असतानाही तो वर केल्याबरोबर पडतो. आरसीसीबीच खराब असेल असे समजून आम्ही नवा बसवला, त्याचीही तीच गत झाली.

आमच्या मिस्त्रींचे म्हणणे असे की आरसीसीबी ही नाजूक वस्तू आहे, आपल्याकडच्या लाइनवर ती चालत नाही, त्यामुळे काढून टाकावी. अर्थिंग चांगले आहे हे दाखवण्यासाठी त्यांनी मीटरकडील फेज आणि अर्थपट्टी यांच्यामध्ये १०० वॅटचा टेस्ट लॅम्प धरला; तो पूर्ण उजेडाने पेटला. त्यांनी असेही सांगितले की न्यूट्रल आणि अर्थ डीपीवर (ट्रान्सफॉर्मरपाशी) एकच असतात, म्हणून घरात ते एकमेकांना लागले तरी काही बिघडत नाही.

माझे प्रश्न दोन आहेत. सर्व एमसीबी बंद असताना घरात फेज पुढे जातच नाही, मग गळती कशाची होते? आणि न्यूट्रल व अर्थ डीपीवर जोडलेले असतात हे खरे असेल, तर ते घरात जोडण्यास हरकत का असावी?

निवृत्त_शिल्पनिदेशक यांचे उत्तर

तुम्ही निरीक्षणे वेळेसह लिहिलीत, त्यामुळे निदान सोपे झाले आहे. दोष फेजच्या तारेत नाही. आरसीसीबीच्या पुढे, म्हणजे घराच्या बाजूला, न्यूट्रल कुठेतरी अर्थच्या तारेला लागलेला आहे, आणि तुमचे दोन्ही आरसीसीबी त्यांचे काम अगदी चोख करत आहेत.

आरसीसीबीच्या आत एक लोहकडे असते आणि त्यातून फेज व न्यूट्रल या दोन्ही तारा जातात. फेजने जितका प्रवाह घरात गेला तितकाच न्यूट्रलने परत आला, तर दोन्हींची चुंबकीय क्षेत्रे एकमेकांना पुसून टाकतात. तफावत पडली की कड्यावरील तिसऱ्या गुंडाळीत दाब (व्होल्टेज) निर्माण होतो आणि यंत्रणा सुटते. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी १५ पर्यंत सुटू नये आणि ३० ला सुटलाच पाहिजे, अशी अपेक्षा असते. येथे लक्षात घेण्याची गोष्ट ही की त्याला फक्त तफावत कळते. ती फेजमुळे पडली की न्यूट्रलमुळे, हे त्याला कळत नाही.

आता डीबीतील एमसीबी पाहा. ते एक पोलचे आहेत, म्हणजे ते फक्त फेज तोडतात. सर्व एमसीबी खाली केले तरी घरातील प्रत्येक काळी, म्हणजे न्यूट्रलची, तार न्यूट्रलपट्टीमार्फत आरसीसीबीला आणि तेथून खांबावरील न्यूट्रलला जोडलेलीच राहते. त्या न्यूट्रलमधून शेजारपाजारच्या घरांचा प्रवाह डीपीकडे परतत असतो, आणि तारेला थोडा का होईना रोध असल्यामुळे तुमच्या खांबापाशी न्यूट्रल आणि जमीन यांच्यात एखाद-दोन व्होल्टचा फरक पडतो. समजा संध्याकाळी हा फरक २ व्होल्ट आहे आणि अर्थिंगच्या पूर्ण वाटेचा रोध २० ओहम आहे. न्यूट्रल घरात अर्थला लागलेला असेल तर २ भागिले २०, म्हणजे १०० मिलिअँपिअर प्रवाह आरसीसीबीच्या न्यूट्रल पोलमधून जाऊन जमिनीत उतरेल, आणि फेजच्या पोलमध्ये मात्र शून्य असेल. तुमचे घर बंद आहे. शेजाऱ्यांचा प्रवाह तुमच्या घरातून जमिनीत उतरतो आहे. दुपारी शेजारचे लोड कमी असते, हा फरक ०.१ व्होल्टवर येतो, प्रवाह ५ मिलिअँपिअर होतो आणि आरसीसीबी टिकतो.

इस्त्रीचेही कोडे येथेच सुटते. ७५० वॅटची इस्त्री सव्वातीन अँपिअर घेते. परतीचा प्रवाह न्यूट्रल आणि जमीन अशा दोन वाटांनी विभागला जातो. न्यूट्रलच्या वाटेचा रोध ०.३ ओहम धरला तर जमिनीच्या वाटेने सुमारे ४८ मिलिअँपिअर जातात, आणि तेवढी तफावत पुरेशी असते. पंखे आणि दिवे मिळून अर्धा-पाऊण अँपिअर घेतात, त्यांच्यामुळे दहाएक मिलिअँपिअरच्या पुढे मजल जात नाही. इस्त्री कोणत्याही मजल्यावर लावली तरी फरक पडत नाही, कारण न्यूट्रलपट्टी एकच आहे.

टेस्ट लॅम्पबद्दल सविस्तर लिहितो, कारण ही समजूत फार खोलवर रुजलेली आहे. १०० वॅटच्या दिव्याचा रोध पेटलेल्या अवस्थेत सुमारे ५२९ ओहम असतो. त्याच्याशी सिरीजमध्ये २० ओहमचे अर्थिंग आले तर दिव्याला २२१ व्होल्ट मिळतात, ५० ओहमचे आले तरी २१० मिळतात. डोळ्यांना दोन्ही उजेड सारखेच. दिवा पेटला याचा अर्थ एवढाच की ०.४ अँपिअर जमिनीत जाऊ शकतात. याउलट, गिझरच्या बॉडीला थेट फेज लागली तर २० ओहमच्या अर्थिंगमधून २३० भागिले २०, म्हणजे साडेअकरा अँपिअरच वाहतील. १६ अँपिअरचा एमसीबी एवढ्यावर कधीही पडणार नाही. सी प्रकारच्या एमसीबीला तत्काळ सुटण्यासाठी पाच ते दहा पट, म्हणजे ८० ते १६० अँपिअर लागतात. एमसीबी वर, दिवे चालू आणि गिझरच्या बॉडीवर २३० व्होल्ट, अशी ती स्थिती असते. स्वतःचा खड्डा घेऊन अर्थिंग केलेल्या घरात आरसीसीबी का लागतो, याचे उत्तर या एका आकडेमोडीत आहे.

तुमचा दुसरा प्रश्न. डीपीवर ११ केव्हीचा दाब उतरवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरची दुय्यम बाजू स्टारमध्ये (तिन्ही गुंडाळ्यांचे एकेक टोक एकत्र जोडलेली) असते आणि त्या स्टारचा मधला बिंदू तेथेच जमिनीला जोडतात, जेणेकरून प्रत्येक फेज जमिनीच्या तुलनेत २३० व्होल्टच्या आसपास बांधलेली राहावी. मिस्त्रींचे वाक्य त्या एका जागेपुरते खरे आहे. तेथून पुढे न्यूट्रल ही प्रवाह वाहणारी तार आहे आणि अर्थ ही एरवी रिकामी राहणारी तार आहे. घरात त्या जोडल्या आणि खांबावरून येणारा न्यूट्रल तुटला, तर उपकरणांमधून परतणारा सर्व प्रवाह हिरव्या तारेने, म्हणजे फ्रीज, गिझर, मिक्सर यांच्या बॉडीशी जोडलेल्या तारेने, जमीन शोधू लागतो. २ किलोवॅटचा गिझर चालू असेल आणि खड्डा २० ओहमचा असेल, तर त्या क्षणी घरातील प्रत्येक धातूच्या बॉडीवर जवळजवळ १०० व्होल्ट येतात. खड्डाच नसेल तर पूर्ण २३० येतात. ब्रिटनमध्ये अनेक घरांत पुरवठादार स्वतः मीटरच्या अलीकडे न्यूट्रल आणि अर्थ जोडून देतो हे खरे आहे, परंतु तेथे न्यूट्रल वाटेत वारंवार जमिनीला जोडलेला असतो आणि आरसीसीबीच्या पुढे हा जोड तेथेही चालत नाही.

साइटवरचा_वायरमन यांचे उत्तर

सरांनी कारण सांगितले आहे. मी शोधण्याची पद्धत लिहितो. सर्वप्रथम घरात इन्व्हर्टर आहे का ते पाहा. असल्यास तो बंद करून त्याच्या तारा सोडवा, कारण मेन खाली केल्यावर घर मृत झाले असे समजून काळ्या तारेला हात लावणाऱ्यांना इन्व्हर्टरने झटका दिल्याचे मी स्वतः दोनदा पाहिले आहे.

त्यानंतर मेन आणि आरसीसीबी बंद करून, टेस्टरवर विसंबून न राहता मल्टीमीटरने फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ असे तिन्ही दाब तपासा. आरसीसीबी बंद असताना त्याच्या मीटरकडील न्यूट्रल आणि अर्थपट्टी यांच्यातील व्होल्ट दुपारी व संध्याकाळी मोजून ठेवा. ही मोजणी आरसीसीबी वर असताना करू नका, कारण घरातील जोडामुळे न्यूट्रल आणि अर्थ एकत्र बांधले गेलेले असतात आणि मीटर जवळपास शून्य दाखवतो.

मग न्यूट्रलपट्टीवरील सर्व काळ्या तारा सोडवा. सोडवताना प्रत्येकीला सर्किटचा क्रमांक चिकटवा, नाहीतर परत बांधताना एका सर्किटचा न्यूट्रल दुसऱ्यात जाईल. सर्व प्लग काढा. आता एकेक काळी तार आणि अर्थपट्टी यांच्यामध्ये मल्टीमीटरने ओहम मोजा. बाकीच्या तारा अनंत दाखवतील आणि एक तार एक-दोन ओहम दाखवेल. तेच तुमचे सर्किट. त्या सर्किटवरचे सॉकेटचे बोर्ड डीबीपासून सर्वांत दूरच्या बोर्डाकडून उघडत या. जुन्या घरात खड्डा नव्हता असे तुम्ही लिहिले आहे, म्हणून माझा संशय तीन पिनच्या एखाद्या सॉकेटमागे न्यूट्रल आणि अर्थ जोडणाऱ्या तारेच्या तुकड्यावर, म्हणजे जंपरवर आहे. शेवटी ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या उपकरणाने) सर्व सर्किटे तपासा, पण एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर आणि पंख्यांचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आधी सोडवून ठेवा, अन्यथा त्यांचे पैसे तुम्हाला भरावे लागतील. एक मेगओहमच्या खाली काहीही स्वीकारू नका.

कोकणातला_मिस्त्री यांचे उत्तर

पावसाळ्यात आमच्याकडे भिंतींना ओल येते आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी दिवसातून चार वेळा पडतो. अशा वेळी आम्ही १०० मिलिअँपिअरचा बसवतो आणि गिऱ्हाईकाची तक्रार थांबते. येथेही तात्पुरते तसे करता येईल.

निवृत्त_शिल्पनिदेशक यांचे उत्तर

ओलीची अडचण मी नाकारत नाही, तथापि त्यावर उपाय सर्किटे दोन-तीन आरसीसीबींत वाटून देण्याचा आहे. १०० किंवा ३०० मिलिअँपिअरचे आरसीसीबी मुख्यतः गळतीमुळे लागणाऱ्या आगीपासून रक्षण करण्यासाठी असतात. माणसासाठी ३० चाच आकडा धरतात. अनेकांचा असा समज असतो की आरसीसीबी शरीरातील प्रवाह ३० वर अडवून धरतो. तसे काहीही होत नाही. शरीराचा रोध १००० ओहम धरला तर २३० मिलिअँपिअर वाहणारच; आरसीसीबी केवळ तो सेकंदाच्या अंशात तोडतो. आणि एका हातात फेज व दुसऱ्या हातात न्यूट्रल आला, माणूस लाकडी स्टुलावर उभा असला, तर आरसीसीबीच्या दृष्टीने तो माणूस म्हणजे एक दिवा असतो. तेथे तो सुटत नाही. या घरापुरते बोलायचे, तर संध्याकाळी तफावत १०० च्या आसपास असेल तर तुमचा उपायही टिकणार नाही.

शिकाऊ_वीजतंत्री

सर्वांचे मनापासून आभार. काल दिवसभर हेच काम केले. मीटरकडील न्यूट्रल आणि अर्थपट्टी यांच्यात दुपारी ०.१ आणि संध्याकाळी साडेसातला १.८ व्होल्ट मिळाले. काळ्या तारांपैकी खालच्या मजल्यावरील स्वयंपाकघराच्या सर्किटची तार अर्थपट्टीशी ०.८ ओहम दाखवत होती. फ्रीजच्या मागील बोर्ड उघडला, तेव्हा सॉकेटच्या न्यूट्रल आणि अर्थ पिनांमध्ये बोटभर लांबीचा काळ्या तारेचा जंपर सापडला. खड्डा नसल्यामुळे आधीच्या कारागिराने त्या एका जागी अर्थिंग ‘तयार’ केले होते आणि हिरव्या तारेचे लूप तेथूनच खालच्या सर्व बोर्डांना फिरवले होते. आम्ही तीच हिरवी तार खऱ्या खड्ड्याला जोडली आणि न्यूट्रल जमिनीला लागला.

जंपर काढल्यावर सर्व सर्किटांची मेगरने तपासणी केली. सर्वांत कमी वाचन १८ मेगओहम आले. संध्याकाळी सातनंतर इस्त्री, मिक्सर आणि गिझर एकाच वेळी चालवले, आरसीसीबी वरच राहिला. त्यानंतर त्याचे टेस्ट बटण दाबून तो पडतो हेही पाहिले. मिस्त्रींनी जंपर हातात घेऊन बराच वेळ पाहिला आणि दहा वर्षे या घरातील फ्रीजची बॉडी न्यूट्रलवर होती, एवढेच म्हणाले. अर्थ टेस्टरने खड्डा मोजला तर १७ ओहम आला, म्हणून घरमालकांशी बोलून दुसरा खड्डा घेण्याचे ठरले आहे; तो पहिल्यापासून किती अंतरावर घ्यावा आणि दोन्ही कोणत्या मापाच्या पट्टीने जोडावेत, यासाठी वेगळा प्रश्न टाकतो.