प्रतिसाद: नवऱ्याचा डिसॅबिलिटी लाभ आणि आमचा टॅक्स

ताई, तुम्ही विचारलंत की नवऱ्याला एसएसडीआय (अमेरिकेत सोशल सिक्युरिटीकडून मिळणारा अपंगत्वाचा लाभ) सुरू झाल्यावर वेगवेगळं रिटर्न भरलं तर टॅक्स वाचेल का. कृपया घाईने तसं करू नका. एकाच घरात राहून वेगळं भरलं तर ज्या उत्पन्नापर्यंत लाभावर टॅक्स लागत नाही, ती मर्यादाच शून्य होते.

एकत्र भरताना हिशोब असा: तुमचा पगार, व्याज वगैरे, त्यात त्यांच्या लाभाची निम्मी रक्कम मिळवायची. बेरीज ३२,००० डॉलरपर्यंत असेल तर लाभावर काही नाही. ४४,००० च्या वर गेली की लाभाचा ८५ टक्क्यांपर्यंत भाग करपात्र होतो. म्हणजे ८५ टक्के टॅक्स नव्हे! पगार ६०,००० आणि लाभ २४,००० असेल तर २०,४०० तुमच्या उत्पन्नात धरले जातात आणि त्यावर तुमच्या स्लॅबचा दर लागतो. या मर्यादा १९८३ आणि १९९३ च्या कायद्यांतल्या, महागाईप्रमाणे कधी वाढवलेल्याच नाहीत. मला हे फार अन्यायाचं वाटतं.

आमच्याकडे ह्यांच्या पक्षाघातानंतर लाभाची दोन वर्षांची थकबाकी एकदम आली. जानेवारीत एसएसए-१०९९ (वर्षभरात किती लाभ मिळाला ते सांगणारा फॉर्म) वरचा आकडा बघून माझे हातपाय गार पडले. पण त्याच फॉर्मवर कुठल्या वर्षाचे किती, ते लिहिलेलं असतं. जुन्या वर्षांचा हिशोब त्या-त्या वर्षाच्या उत्पन्नावर करायची मुभा आहे, 'लंपसम इलेक्शन' म्हणतात. जुनी रिटर्नं बदलावी लागत नाहीत. आमचा बराच टॅक्स वाचला.

आणि डब्ल्यू-४व्ही हा फॉर्म भरून लाभातूनच टॅक्स कापून घ्या. एसएसआय (कमी उत्पन्नाच्या वृद्ध-अपंगांना मिळणारी वेगळी मदत) असेल तर मात्र त्यावर टॅक्स नाहीच.